हृदय वाचवायला निघालेलं औषध: नॅनोकणांच्या केमोथेरपीची पार्श्वभूमी

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतलं जुनं, हुकमी औषध. शिरेतून जाताना ते लालभडक दिसतं, नंतर रुग्णाची लघवीही लालसर होते. अनेक कर्करोगांवर ते चालतं, पण हृदयाच्या स्नायूंना इजा करतं आणि ही इजा डोसागणिक साठत जाते. त्यामुळे आयुष्यभरात एकूण किती द्यायचं याला मर्यादा आहे. गाठ दाद देत असतानाही डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो. नॅनोकणांकडे, म्हणजे औषध अतिसूक्ष्म कणांत बंद करून देण्याकडे, शास्त्रज्ञ वळले ते मुख्यतः या अडचणीमुळे.

असे कण तोवर सापडलेले होते. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ बाब्रहॅम इथे अ‍ॅलेक बँगहॅम या शास्त्रज्ञाने दाखवलं की फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणात असणारे स्निग्ध रेणू, पाण्यात आपोआप बंद, सूक्ष्म पिशव्या बनवतात. याच लायपोसोम. त्यातून औषध देण्याची कल्पना १९७०च्या दशकात पुढे आली, पण पिशवीत पुरेसं औषध भरता येईना, आणि यकृत व प्लीहेतल्या पेशी ती लगेच गिळून टाकत.

खरी करामत केली जेरुसलेमच्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी. त्यांनी पिशवीत आधी अमोनियम सल्फेट भरलं. बाहेरचं डॉक्सोरुबिसिन आपसूक आत ओढलं जाई, तिथे त्याचे स्फटिक होत आणि ते अडकून पडे. वरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर दिल्यामुळे पिशवी रक्तात कितीतरी जास्त वेळ टिकू लागली. सुमारे १०० नॅनोमीटरच्या या औषधाला, डॉक्सिलला, अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, तीही एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी.

दरम्यान १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून मोठे रेणू तिथे साचतात. उंदरांमध्ये हे छान दिसलं, माणसांत मात्र गाठीगाठीत फरक पडतो. २०१६ मध्ये टोरांटोच्या गटाने प्राण्यांवरचे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण अवघं ०.७ टक्के निघालं. ‘औषध थेट गाठीवरच जातं’ हा दावा म्हणूनच मला रुग्णांवर अन्याय करणारा वाटतो. पसरलेल्या स्तनकर्करोगात डॉक्सिल साध्या डॉक्सोरुबिसिनच्या तोडीस तोड ठरलं, सरस नव्हे. हृदयाचा धोका मात्र स्पष्टपणे घटला, आणि तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास वाढला. तरी हृदय वाचण्याचा हा फायदा रुग्णासाठी मोठाच आहे.

२०११ मध्ये डॉक्सिलचं उत्पादन अडकलं आणि अमेरिकेत टंचाई झाली. तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स हे तसंच औषध आयात करायला परवानगी दिली. पुढच्या वर्षी याच कंपनीच्या जेनेरिकला तिथे रीतसर मान्यता मिळाली.