जुना गेम कोणत्या वेगाने चालवावा?
(पीसी-98 आणि एक्स68000 हे जुने जपानी संगणक घेतलेल्या ग्राहकांसाठी)

मशीन घरी नेल्यावर आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे: "गेम सुरू होतो, पण सगळं पळतच सुटतं." मशीन बिघडलेलं नसतं. गेमच्या मानाने प्रोसेसर फार वेगवान असतो, एवढंच.

एनईसीचा पहिला पीसी-9801 आला 1982 मध्ये, 5 मेगाहर्ट्झच्या 8086 प्रोसेसरवर. याच घराण्यातला (पीसी-98) शेवटचा पीसी-9821 आरए43 आला 2000 मध्ये, 433 मेगाहर्ट्झच्या सेलेरॉनवर. सुरुवातीच्या काळातल्या अनेक गेममध्ये "थोडं थांब" म्हणजे रिकामी लूप (काहीच न करणारी मोजणी) ठरावीक वेळा फिरवायची, एवढंच असे. वेगवान मशीनवर ती लूप क्षणात संपते आणि शत्रू दिसायच्या आत तुम्ही मेलेले असता. पडद्याच्या रिफ्रेशची (चित्र पुन्हा रंगण्याची) वाट पाहून पुढे जाणारे गेम मात्र कुठल्याही वेगवान मशीनवर बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतात.

म्हणून आधी गेमचा डबा बघा. पीसी-98 च्या डब्यावर बहुतेकदा "व्हीएम/यूव्ही किंवा त्यापुढील" अशा अर्थाची जपानी ओळ असते. व्हीएम हे 1985 चं मॉडेल, त्यात 10 मेगाहर्ट्झचा व्ही30 प्रोसेसर होता. डब्यावर व्हीएम आणि गेम ऐंशीच्या दशकातला असेल, तर 10 मेगाहर्ट्झच्या आसपास सुरुवात करा. 386 किंवा 486 (नंतरचे, जास्त वेगवान प्रोसेसर) हवा असं लिहिलं असेल, तर मशीन मुद्दाम मंद करायच्या भानगडीत पडू नका.

वेग बदलायचा कुठे? पीसी-9801 च्या आरए आणि डीए या मॉडेलांत (वरचा आरए43 वेगळा) 386 च्या जोडीला खराखुरा व्ही30 बसवलेला आहे. मशीन बंद करा, डिप स्विच (मशीनवरचे छोटे सेटिंगचे स्विच) बदला, मग चालू करा. हा व्ही30 चालतो 8 मेगाहर्ट्झने, म्हणजे व्हीएमपेक्षा जरा सावकाश. पण गेम हाताबाहेर पळण्यापेक्षा ते परवडलं. काही जुने प्रोग्राम व्ही30 च्या खास सूचना वापरतात. ते 386 वर वेगाने पळत नाहीत, थेट बंद पडतात. पीसी-9821 घेतलं असेल तर हेल्प की दाबून धरून मशीन चालू करा. सेटअपचा मेनू उघडेल. त्यात प्रोसेसरचा वेग कमी करायची सोय असेल तर तीच आधी वापरून बघा. विचाराल तर आमचं मत सरळ आहे: फक्त गेमसाठी घेत असाल तर पेंटियमच्या मागे लागू नका, 20 मेगाहर्ट्झचा 386 आणि सोबत व्ही30 असलेलं मशीन घ्या. विकताना पेंटियममध्ये आम्हाला जास्त सुटतात, तरी हेच सांगू.

प्रोसेसरच्या नावावर खपणाऱ्या काही तक्रारी वेगळ्याच असतात. गेम सुरू होताना "जीडीसी 2.5 मेगाहर्ट्झवर ठेवा" अशा अर्थाचा संदेश आला, तर तो ग्राफिक चिपच्या घड्याळाबद्दल आहे, प्रोसेसरचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा डिप स्विच वेगळा. संगीतातले मधले सूर गळत असतील तर मात्र प्रोसेसरवर संशय घ्यायला हरकत नाही. एफएम साउंड चिपला एक आकडा दिला की दुसरा देण्याआधी जरा उसंत लागते, आणि जुन्या प्रोग्रामने ती उसंतही रिकाम्या लूपवर सोडलेली असते. चित्र सरकताना बारीक हिसके बसत असतील तर दोष बहुधा कन्व्हर्टरचा, म्हणजे आजच्या पडद्याला जोडायला लावलेल्या डबीचा. पीसी-98 चा पडदा सेकंदाला सुमारे 56.4 वेळा रंगतो आणि कन्व्हर्टर त्याचे 60 करतो.

शार्पच्या एक्स68000 ची गोष्ट सोपी आहे. 1987 चं मूळ मशीन 10 मेगाहर्ट्झचं. 1991 च्या एक्सव्हीआयमध्ये 16 आहेत आणि 10 वर यायला स्विच आहे. विमानं पाडायच्या गेममध्ये गर्दी झाली की मूळ मशीन दमतं, सगळं मंदावतं आणि खेळणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. 16 वर ती जागा जाते. गेम "जास्त अवघड" वाटू लागला तर 10 वर खेळून बघा. 1993 च्या एक्स68030 वर मात्र काही जुने गेम सुरूच होत नाहीत. स्वतःचाच कोड चालता चालता बदलणाऱ्या प्रोग्रामचं आणि त्या प्रोसेसरमधल्या कॅशचं (आधीच वाचलेला कोड जपून ठेवणाऱ्या छोट्या मेमरीचं) पटत नाही.

मशीन घ्यायच्या आधी इम्युलेटरवर (आजच्या संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चाचणी करणार असाल तर नेको प्रोजेक्ट या पीसी-98 च्या इम्युलेटरमध्ये मूळ घड्याळ 2.4576 आणि गुणक 4 ठेवा. 9.8304 येतात, आणि व्हीएमचे "10" म्हणजे खरे हेच.

वेगाशी संबंध नसलेली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी एक सूचना: ही मशीनं 100 व्होल्टची आहेत. आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये थेट लावू नका, पिन बसली तरी. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. हर्ट्झची काळजी नको. जपानमध्येच पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 आहेत.

तरीही जमलं नाही तर फोन करण्याआधी डब्याची मागची बाजू आणि मशीनच्या मागचं मॉडेलचं लेबल, दोन्हींचे फोटो पाठवा. गेम नेमका कुठे पळतो, तेही लिहा: पहिल्या पडद्यापासून, की फक्त लढाईत. लढाईत तेवढा पळत असेल तर बहुधा स्विचवरच काम भागतं, मशीन दुकानात आणायची गरज पडत नाही.