भूजलशोध, कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे

विहिरींच्या नोंदी, उपग्रह प्रतिमा, भूरूपे व खडकांची माहिती यांवरून भूजल लागण्याची शक्यता संगणकाकडून वर्तवून घेण्याची पद्धती. अवर्षणप्रवण व कठीण खडकाच्या प्रदेशात तिचा उपयोग विशेष होतो. तेथे पाणी झिजलेल्या खडकात आणि भेगांत साठते. त्यामुळे एक विंधन विहीर चालते आणि थोड्याच अंतरावरची कोरडी जाते.

तिचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. तज्ज्ञाने प्रत्येक नकाशाला भार द्यायचा आणि नकाशे एकावर एक ठेवून संभाव्य क्षेत्रे काढायची, ही रीत साधारण १९८० नंतर रूढ होत गेली. भार ठरवण्यासाठी टॉमस साटी यांची श्रेणीबद्ध विश्लेषण पद्धती (घटकांची जोडीजोडीने तुलना करून भार काढण्याची रीत) आजही वापरतात. काही लेखक तिलाही कृत्रिम बुद्धिमत्तेत गणतात; परंतु तीत यंत्र काहीच शिकत नाही. नोंदींवरून स्वतः नियम काढणाऱ्या पद्धतींपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यांपैकी लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘रँडम फॉरेस्ट’ (अनेक निर्णयवृक्षांचा कौल एकत्र घेणारी पद्धती) ही बहुप्रचलित आहे.

उतार, ओढ्यांची घनता, खडकाचा प्रकार, पर्जन्य, रेषाकृती (भेगांची शक्यता सुचवणाऱ्या भूपृष्ठावरील सरळ रेषा) व आर्द्रता निर्देशांक ही नेहमीची निविष्टी होय. बेव्हन व कर्कबी यांचा हा आर्द्रता निर्देशांक (१९७९) म्हणजे एकक रुंदीमागील पाणलोट क्षेत्राला उताराच्या टॅन्जंटने भागून घेतलेला नैसर्गिक लॉगरिथम. सपाट जागी हा भाजक शून्य होतो, म्हणून किमान उतार आधीच ठरवून द्यावा लागतो. रेषाकृती आपोआप शोधताना रस्ते, कालवे आणि शेताचे बांधही भेगा म्हणून पकडले जातात. ते हाताने वगळावेत. उन्हाळ्यातील हिरवळ उथळ पाण्याची खूण ठरते, मात्र ओलिताची शेते आधी काढून टाकलेली हवीत. गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून पाणीसाठ्याचा अंदाज देणाऱ्या ग्रेस उपग्रहांची मोजणी शेकडो किमी. विस्ताराची असल्याने जागा निवडण्यास ती निरुपयोगी आहे.

कोरड्या बोअरची नोंद सहसा ठेवली जात नाही, ही सर्वांत मोठी उणीव होय. मग ‘पाणी नाही’ या गटात नकाशावरचे कोणतेही बिंदू घेतले जातात आणि यंत्र पाण्याऐवजी माणसे कोठे खणतात तेच शिकते: वस्ती व रस्त्यालगत शक्यता जास्त दिसू लागते. प्रत्येक नोंदीत खोली, खडकाचे थर, पाणी लागल्याची खोली, ऋतू आणि लि./से. मध्ये आवक असावी; पावसाळ्यानंतर मोजलेली आवक उन्हाळ्यात टिकतेच असे नाही. चाचणीचे बिंदू यदृच्छया निवडल्यास शेजारच्या विहिरी शिकवणीत व चाचणीत दोन्हीकडे येतात आणि अचूकता फुगते. म्हणून अख्खा पाणलोट बाजूला ठेवून तपासणी करावी.

नकाशातील एक चौकट बहुधा ३० मी. बाजूची असते, भेग मात्र मीटरभर रुंदीचीही असू शकते. म्हणून निवडलेल्या जागी विद्युत रोधकता (जमिनीचा विद्युत प्रवाहाला होणारा विरोध) मोजणे अटळ ठरते. श्लुंबर्जर मांडणीत (एका रेषेत चार इलेक्ट्रोड रोवण्याची रीत) साधारण ६० मी. खोलीसाठी बाहेरच्या इलेक्ट्रोडांत २०० मी.हून अधिक अंतर लागते. ताज्या ग्रॅनाइटची रोधकता १,००० ओहम-मी.च्याही वर जाते व पाण्याने भरलेल्या झिजलेल्या थराची बरीच कमी असते. चिकणमाती आणि खारे पाणीही कमीच रोधकता दाखवतात, तेव्हा निव्वळ आकड्यावर विसंबून बोअर घेऊ नये.

असे नकाशे सहसा जागा सांगतात. पाण्याची खोली व गुणवत्ता सांगत नाहीत. फ्लुओराइडसाठी (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५ मिग्रॅ./लि.) वेगळे प्रारूप व पाण्याची प्रत्यक्ष तपासणी लागते.