हॉगन, बेन

हॉगन, बेन : (१३ ऑगस्ट १९१२ – २५ जुलै १९९७). अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटू. पूर्ण नाव विल्यम बेन हॉगन. त्याच्या नावावर पीजीए टूरची (पीजीए ही अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना; टूर म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांचा दौरा) ६४ विजेतेपदे असून त्यांत नऊ प्रमुख स्पर्धा आहेत. त्या अशा : यूएस ओपन चार वेळा (१९४८, १९५०, १९५१, १९५३), मास्टर्स दोनदा (१९५१, १९५३), पीजीए अजिंक्यपद दोनदा (१९४६, १९४८) आणि ब्रिटनमधील ओपन एकदा (१९५३). चारही प्रमुख व्यावसायिक स्पर्धा कारकिर्दीत जिंकणारा जीन सॅराझेननंतरचा तो दुसरा खेळाडू. चेंडू मारण्याच्या क्रियेचा, म्हणजे स्विंगचा, त्याने जितक्या चिकाटीने शोध घेतला तितका त्याच्या आधी क्वचितच कोणी घेतला असेल. म्हणूनच त्याच्याविषयीचे बरेचसे लेखन विजयांपेक्षा तंत्राभोवती फिरते.

टेक्सस राज्यातील स्टीव्हनव्हिल येथे त्याचा जन्म झाला. बालपण जवळच्या डब्लिन या गावी गेले. वडील चेस्टर हे लोहार. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा बेन नऊ वर्षांचा होता. त्या वेळी तो त्याच खोलीत होता असे काही चरित्रकार मानतात. परंतु याबाबत एकमत नाही आणि उपलब्ध पुराव्यावरून तसे ठामपणे म्हणता येत नाही. पुढे घरची ओढगस्त झाली. बेन फोर्ट वर्थच्या रेल्वे स्थानकावर वर्तमानपत्रे विकू लागला आणि अकराव्या वर्षापासून ग्लेन गार्डन क्लबमध्ये कॅडी म्हणून खेळाडूंच्या पिशव्या वाहू लागला. पुढे तितकाच नामवंत झालेला बायरन नेल्सन हाही तेथेच कॅडी होता. १९२७ च्या नाताळात झालेल्या कॅडींच्या स्पर्धेत बरोबरीनंतरच्या जादा फेरीत नेल्सनने हॉगनला हरवले.

हॉगन मूळचा डावखुरा होता काय, हा प्रश्न अनेकदा चर्चिला गेला आहे. सुरुवातीच्या लेखनात त्याने स्वतःला जन्मतः डावखुरा म्हटले आहे. कित्येक वर्षांनंतरच्या मुलाखतीत मात्र त्याने ही गोष्ट नाकारली. हाती आलेला पहिला क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, डावखुऱ्यांसाठीचा होता, एवढेच दोन्ही कथनांत समान आहे. त्यामुळे ‘डावखुरा असल्यानेच त्याचा डावा हात असामान्य बळकट होता’ या उपपत्तीवर फार भिस्त ठेवू नये.

१९३० मध्ये, सतराव्या वर्षी, शाळा सोडून तो व्यावसायिक झाला. पहिली काही वर्षे सर्वस्वी अपयशाची होती. पैसे संपले की दौरा सोडून घरी परतायचे, मिळेल ते काम करायचे आणि पुन्हा निघायचे, असे एकाहून अधिक वेळा घडले. १९३५ मध्ये त्याचा व्हॅलेरी फॉक्सशी विवाह झाला. १९३८ च्या प्रारंभी ओकलंडच्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसामुळे त्याला दौऱ्यावर टिकून राहता आले. या बक्षिसाची रक्कम निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी दिलेली आढळते. एकट्याने जिंकलेली त्याची पहिली स्पर्धा म्हणजे १९४० ची पाइनहर्स्ट येथील नॉर्थ अँड साउथ ओपन. त्यानंतर लगेचच ग्रीन्सबरो व अ‍ॅशव्हिल येथेही तो जिंकला. १९४० ते १९४२ ही सलग तीन वर्षे बक्षिसांच्या कमाईत तो पहिला होता.

सुरुवातीच्या अपयशाचे मुख्य कारण हूक हे होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत डावीकडे जोराने वळून खाली येतो, जमिनीवर पडल्यावरही बराच घरंगळतो आणि फेअरवे (मैदानातील कापलेल्या गवताचा पट्टा) सोडून जातो, तो हूक. हॉगन अंगाने लहानखुरा, उंची सुमारे ५ फूट ८ इंच. लांब फटक्यासाठी तो क्लब खूप मागे नेई आणि मनगटांचा भरपूर वापर करी. त्यातून अंतर मिळे, पण ऐन मोक्याच्या क्षणी हूकही येई. त्याच्याच सांगण्यानुसार यावरचा उपाय त्याला १९४६ मध्ये सापडला. युद्धकाळात १९४३ ते १९४५ अशी तीन वर्षे तो सैन्याच्या हवाई दलात होता. तेथून परतल्यावर ही शोधाशोध चालू होती. उपाय सापडला त्या वर्षी त्याने १३ स्पर्धा जिंकल्या आणि पोर्टलंड येथे एड ऑलिव्हरला नमवून पीजीए अजिंक्यपदही मिळवले.

‘हॉगनचे रहस्य’ या नावाने ओळखला जाणारा हा उपाय त्याने ८ ऑगस्ट १९५५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात मोबदला घेऊन उघड केला. त्याचे तीन भाग आहेत : डाव्या हाताची पकड किंचित डावीकडे सरकवून अंगठा जवळजवळ दांड्याच्या माथ्यावर आणणे, क्लब मागे नेताना डावा हात आतून बाहेर असा फिरवून क्लबचे तोंड (चेंडूला लागणारी बाजू) उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले, करणे, आणि स्विंगच्या शिखरावर डावे मनगट हाताच्या पाठीकडे थोडे दुमडणे. यांतील दुसरी क्रिया जुन्या स्कॉटिश खेळाडूंना माहीत होती व ती कालबाह्य समजली जाई. तिसरी नजरेस सहज न येणारी असल्याने खरे ‘रहस्य’ तीच मानली गेली. तिघांच्या मेळाने क्लबचे तोंड इतके उघडे राहते की क्लब खाली आणताना फटका कितीही जोराचा असला तरी चेंडू डावीकडे वळत नाही. तो उंच जाऊन शेवटी किंचित उजवीकडे झुकतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. या फटक्यास फेड म्हणतात.

एवढ्याने वाद मिटला नाही. हॉगनने अर्धेच सांगितले आणि महत्त्वाचे स्वतःजवळ ठेवले, असा एक पक्ष आहे. उजवा गुडघा, खांदे, कंबर यांपैकी एकेकाला खरे रहस्य ठरवणारी मते पुढे वेळोवेळी मांडली गेली. दुसऱ्या पक्षाच्या मते रहस्य असे काही नव्हतेच, होता तो अफाट सराव. १९५७ मध्ये हर्बर्ट वॉरन विंडच्या साह्याने लिहिलेल्या व अँथनी रॅव्हिएली यांच्या चित्रांनी सजलेल्या त्याच्या पाच पाठांच्या पुस्तकात मनगटाच्या या दुमडीवर भर नाही. तेथे भर आहे तो पकडीवर, खांद्यांवर टेकलेल्या कल्पित काचेच्या प्रतलावर आणि फटक्याच्या क्षणी डावे मनगट बाहेरच्या बाजूस फुगवण्यावर. पहिला पक्ष यालाच लपवाछपवीचा पुरावा मानतो. पण वस्तुस्थिती अधिक साधी दिसते. सामान्य खेळाडूचा दोष हूक नसून चेंडू उजवीकडे भरकटणे हा असतो; त्याने मनगट दुमडले तर तो दोष बळावेल, आणि वाईट खेळाडूला हा उपाय घातक ठरेल असा इशारा १९५५ च्या लेखातही आहे. महायुद्धापूर्वीच्या व नंतरच्या चित्रफिती शेजारी ठेवून पाहिल्या तर स्विंगची आखूड झालेली लांबी व शिखरावरील मनगटाची दुमड या दोन्ही गोष्टी दिसतात. म्हणून ‘लाइफ’मधील कथन हूकपुरते खरे मानण्यास हरकत नाही; त्याच्या संपूर्ण खेळाचे ते स्पष्टीकरण नव्हे.

यूएस ओपन विजेतेपदांच्या संख्येबाबतही मतभेद आहेत. १९४२ ची यूएस ओपन युद्धामुळे रद्द झाली. तिच्या जागी यूएस गोल्फ असोसिएशन, पीजीए व शिकागोची जिल्हा संघटना यांनी मिळून रिजमूर क्लबवर ‘हेल अमेरिका नॅशनल ओपन’ भरवली. तिच्यासाठी पात्रता फेऱ्या झाल्या. हॉगनने दुसऱ्या फेरीत ६२ व एकूण २७१ फटके घेऊन ती तीन फटक्यांनी जिंकली (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा विजयी ठरतो), आणि त्याला मिळालेले पदक यूएस ओपनच्या पदकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. या आधारावर त्याची पाच विजेतेपदे मोजावीत असे समर्थकांचे म्हणणे. ते मान्य झाले तर विली अँडरसन, बॉबी जोन्स व जॅक निकलस यांच्याबरोबरची चार विजेतेपदांची बरोबरी मोडून विक्रम एकट्या हॉगनचा होतो. असोसिएशनने हे कधीच मानलेले नाही. मैदान यूएस ओपनच्या मानाने सोपे होते आणि मूळ स्पर्धा रीतसर रद्द झाली होती, हे विरोधी मुद्दे वजनदार आहेत. प्रस्तुत नोंदीत अधिकृत संख्या ग्राह्य धरली आहे.

२ फेब्रुवारी १९४९ रोजी फीनिक्सहून परतताना टेक्ससमधील व्हॅन हॉर्नजवळ दाट धुक्यात, पुढच्या ट्रकला ओलांडू पाहणारी बस त्याच्या मोटारीवर समोरून आदळली. पत्नीला वाचवण्यासाठी त्याने तिच्या अंगावर झेप घेतली. त्यामुळे, चालकाच्या आसनात घुसलेल्या सुकाणूच्या दांड्यापासून तो स्वतःही बचावला. कटिरास्थी, गळ्याचे हाड, घोटा व बरगडी यांना इजा झाली. पुढे रक्तात गुठळ्या होऊ लागल्याने न्यू ऑर्लिन्सचे शल्यविशारद अ‍ॅल्टन ऑक्सनर यांनी एल पासो येथे शस्त्रक्रिया करून शरीराच्या खालच्या भागातून रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर बांधली. जीव वाचला, पायांचे रक्ताभिसरण मात्र कायमचे मंदावले. रोज ३६ होल (चेंडू घालायचे खड्डे; एका फेरीत असे १८) खेळायला लावणारी पीजीए स्पर्धा त्याने नंतर सुमारे दहा वर्षे टाळली, त्याचे कारण हेच.

१९५० ते १९५३ या चार वर्षांत तो नऊ प्रमुख स्पर्धा खेळला व त्यांपैकी सहा जिंकला. पहिली १९५० ची, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन मैदानावरील यूएस ओपन. शेवटच्या दिवशी ३६ होल खेळताना पायांत गोळे येत होते. अखेरच्या होलवर बरोबरीसाठी चार फटके हवे असताना त्याने दुरून चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पोहोचवला. पाठमोऱ्या हॉगनचे हाय पेस्किनने टिपलेले तेव्हाचे छायाचित्र विख्यात आहे. दुसऱ्या दिवशी जादा फेरीत हॉगनने ६९, लॉइड मँग्रमने ७३ व जॉर्ज फॅझिओने ७५ फटके घेतले. तो फटका १ नंबरच्या आयर्नचा (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचा), असे सर्वत्र सांगितले जाते. २ नंबरच्या आयर्नचा उल्लेखही जुन्या लेखनात सापडतो. त्या सुमारास चोरीस गेलेला व १९८३ मध्ये परत मिळालेला १ नंबरचा आयर्न असोसिएशनच्या संग्रहालयात आहे. प्रचलित मताला त्यामुळे बळकटी येते, तरी वाद पूर्ण निकालात निघत नाही.

१९५३ हे कारकिर्दीतील सर्वोच्च वर्ष. त्या वर्षी खेळलेल्या सहा स्पर्धांपैकी पाच त्याने जिंकल्या. त्यांतील प्रमुख तीन अशा : मास्टर्स २७४ फटक्यांत, हा तेव्हाचा विक्रम; ओकमाँट येथील यूएस ओपन सॅम स्नीडपेक्षा सहा फटक्यांनी सरस; आणि स्कॉटलंडमधील कार्नूस्टीची ओपन. ओपनमध्ये तो एकदाच खेळला. ब्रिटनमध्ये तेव्हा वापरात असलेला १.६२ इंच व्यासाचा चेंडू अमेरिकेतल्या १.६८ इंची चेंडूपेक्षा लहान होता, वारा व कठीण जमीनही अपरिचित होती. म्हणून तो आधीच जाऊन सराव करू लागला. ७३, ७१, ७०, ६८ अशा दर फेरीत उतरत्या २८२ फटक्यांनी, चार फटक्यांच्या फरकाने त्याने ती जिंकली. सहाव्या होलवर डावीकडील हद्दीचे कुंपण व मधले वाळूचे खड्डे यांच्यातील चिंचोळ्या पट्टीत त्याने प्रत्येक फेरीत चेंडू टाकला, ही कथा काहीशी वाढवून सांगितलेली असावी. पीजीएच्या तारखा त्या वर्षी ओपनशी जुळून आल्याने चारही स्पर्धा जिंकणे कोणालाच शक्य नव्हते. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली.

यानंतर त्याला प्रमुख विजेतेपद मिळाले नाही. १९५५ च्या यूएस ओपनमध्ये जॅक फ्लेककडून तो जादा फेरीत हरला. फ्लेक हॉगनच्याच कंपनीचे क्लब वापरत होता. १९५६ मध्ये त्याने स्नीडसह अमेरिकेला कॅनडा कप ही देशांच्या संघांमधील स्पर्धा जिंकून दिली. १९५९ ची फोर्ट वर्थमधील कलोनियल ही त्याची शेवटची जिंकलेली स्पर्धा. १९६७ च्या मास्टर्समध्ये, ५४ व्या वर्षी, त्याने तिसऱ्या फेरीत ६६ फटके घेतले.

१९५३ मध्ये स्थापन केलेली क्लबनिर्मितीची कंपनी त्याने १९६० मध्ये विकली, तरी तिच्या कामात तो लक्ष घालत राहिला. १९९० मध्ये दुय्यम दर्जाच्या खेळाडूंसाठी सुरू झालेल्या दौऱ्याला आरंभी त्याचे नाव होते. हाच दौरा आज कॉर्न फेरी टूर म्हणून चालतो. फोर्ट वर्थ येथे त्याचे निधन झाले.