मोठा झूम की बदलती लेन्स : कॅमेरा घेण्याआधी एवढे वाचा

नागपूरच्या आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "झूम किती आहे?" त्यावर आमचे तीन उलट प्रश्न असतात. फोटो कशाचा काढायचा, किती लांबून आणि किती वाजता? या तिघांत "किती वाजता" सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारात घेत नाही. सुपरझूम ब्रिज कॅमेरा (लेन्स कायमची जोडलेली) घ्यावा की मिररलेस (बॉडी वेगळी, लेन्स वेगळी), हे बरेचसे त्या उत्तरावर ठरते.

८३ एक्स झूम म्हणजे नेमके काय

एक्सचा आकडा म्हणजे "वस्तू ८३ पट जवळ" असे नव्हे. लेन्सच्या फोकल लेंथच्या (मिमीतला आकडा, तो जितका मोठा तितके लांबचे जवळ दिसते) सगळ्यात लांब टोकाला सगळ्यात आखूड टोकाने भागले की तो आकडा येतो. निकॉन पी९५० ची लेन्स २४ ते २००० मिमी आहे, २००० भागिले २४ म्हणजे ८३. पी१००० ची २४ ते ३०००, म्हणून १२५ एक्स. सोनी आरएक्स१० मार्क ४ ची २४ ते ६००, म्हणजे फक्त २५ एक्स, तरी तो या दोघांपेक्षा महाग, कारण त्याचा सेन्सर (लेन्सच्या मागचा, प्रकाश टिपणारा भाग) मोठा. तेव्हा एक्स विसरा, लांब टोकाचा मिमी आकडा विचारा. खोक्यावर "डायनॅमिक" किंवा "डिजिटल" झूमचा आणखी मोठा आकडा असेल तर तो नुसता फोटो कापून ताणलेला असतो. मेन्यूत जाऊन डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करा.

हे २०००-३००० आकडे "३५ मिमी फिल्मच्या हिशेबात" असतात. पी९५० ची लेन्स प्रत्यक्षात ४.३ ते ३५७ मिमीच आहे. तिच्यामागचा सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिमी, करंगळीच्या नखाहूनही लहान. मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर कॅननचा २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे १२ पट.

खरा हिशेब : लेन्स किती मिमी उघडते

"मोठा सेन्सर म्हणजे चांगला फोटो" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. लांबच्या पक्ष्यावरून येणारा प्रकाश किती गोळा होणार, हे लेन्सच्या उघडलेल्या छिद्राच्या व्यासावर ठरते. प्रत्यक्ष मिमीला एफ-आकड्याने (लेन्सवर एफ ६.५, एफ ८ असा लिहिलेला) भागा.

पी९५० पूर्ण झूमवर : ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी.
कॅनन आर५० वर १००-४०० मिमी एफ ५.६-८ ही लेन्स, पूर्ण ताणून : ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिमी.

म्हणजे टोकाच्या झूमवर ब्रिज कॅमेरा अजिबात मागे नाही, उलट किंचित पुढेच आहे. त्यात आर५० वरची ४०० मिमी लेन्स फिल्मच्या हिशेबात ६४० पर्यंतच जाते. तिथून पी९५० एवढी चौकट हवी असेल तर फोटो कापावा लागतो, आणि २४ मेगापिक्सेलमधले अडीचच उरतात.

आता तोच पी९५० मधल्या झूमवर, म्हणजे ५०० मिमीच्या आसपास आणा. तिथे छिद्र सुमारे १८ मिमीच राहते. मिररलेसवरची तीच १००-४०० लेन्स तेवढ्याच चौकटीसाठी ४० मिमीच्या वर उघडते. प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फरक जवळजवळ पाचपट. पुढचे सगळे या एका फरकातून निघते.

ताडोबा, पेंच, कऱ्हांडला

सफारीसाठी २००० मिमी हवा अशी समजूत घेऊन येणारे पुष्कळ. जिप्सीपासून २५ मीटरवर वाघ आडवा चालतोय असे धरा. ५०० मिमीवर चौकटीत १.८ मीटर रुंदीची जागा येते. वाघाचे अंग त्यात जेमतेम मावते, शेपूट बाहेरच राहते. पाणवठ्यापलीकडचा वाघ सोडला तर ४०० ते ६०० मिमी पुरे, आणि नेमक्या याच पट्ट्यात लहान सेन्सरचा ब्रिज सगळ्यात कमजोर असतो.

वर सकाळच्या फेरीचा प्रकाश. उघड्या उन्हात एफ ६.३, १/६४० सेकंद, आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १०० असे सहज जमते. गेट उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात बांबूच्या सावलीत प्रकाश त्याच्या साठाव्या-सत्तराव्या भागावर आलेला असू शकतो. तोच वेग ठेवला तर आयएसओ ६४०० च्या घरात. एपीएस-सी सेन्सरवर तो फोटो दाणेदार दिसेल, पण छापता येईल. लहान सेन्सरवर वाघाचे पट्टे रंगकाम ओले असताना पुसल्यासारखे दिसतात.

दुसरी गोष्ट फोकसची. आजचे मिररलेस प्राण्याचा डोळा ओळखून धरून ठेवतात. पी९५० सारखा कॅमेरा कॉन्ट्रास्ट पाहून फोकस शोधतो, पुढे-मागे चाचपडतो. सलग फोटोंत सेकंदाला ७ घेतो खरा, पण १० झाले की थांबून कार्डावर लिहीत बसतो. तेवढ्यात वाघ झुडपात. वाघ हेच मुख्य कारण असेल तर आम्ही मिररलेसच सांगू. बजेट त्याला पुरत नसेल तर थोडे थांबा, किंवा एक इंची सेन्सरचा ब्रिज (आरएक्स१० मार्क ४) चांगल्या अवस्थेत मिळतो का बघा. त्याचा फोकस या बाबतीत मिररलेसच्या जवळ जातो.

जिप्सीत तिपाई नेऊ नका, उभी करायला जागाच नसते. जाड कापडी पिशवीत दीड-दोन किलो सुके वाटाणे भरा, तोंड शिवून टाका, ती दांड्यावर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. इंजिनची थरथर स्टॅबिलायझेशनला (हात हलल्याची भरपाई करणारी कॅमेऱ्यातली सोय) पूर्ण झेपत नाही.

अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा : इथे ब्रिज जिंकतो

तलावाकाठी सकाळी साडेसात-आठचे ऊन, ४० मीटरवर वाळक्या फांदीवर खंड्या बसलेला. २००० मिमीवर चौकटीत फक्त ७० सेंटिमीटर रुंदी येते, आणि २८ सेंटिमीटरचा खंड्या त्यातला चांगला चाळीस टक्के भाग व्यापतो. ६४० मिमीवर चौकट सव्वादोन मीटरची, खंड्या एका कोपऱ्यात निळा ठिपका. मिररलेसवर याच्या थोडेफार जवळ जायचे तर दोन किलोच्या आसपासची १८०-६०० किंवा २००-६०० मिमी लेन्स लागते. तिची किंमत आणि वजन दोन्ही ऐकून लोक खुर्चीवर बसतात. पी९५० सगळे धरून एक किलो.

पक्षी ओळखण्यासाठी नोंद हवी, हळदीकुंकू बदक आहे की दुसरे काही हे घरी जाऊन पुस्तकात पाहायचे आहे, सकाळी फिरायला जाताना गळ्यात अडकवायचा आहे, तर डोळे मिटून ब्रिज घ्या. उडता पक्षी मात्र त्याच्याकडून मागू नका.

ब्रिजची सगळ्यात जास्त येणारी तक्रार : "पूर्ण झूम केला की पक्षी सापडतच नाही." क्रम असा ठेवा. आधी ५०० मिमीच्या आसपास थांबा. फोकसची चौकट मधोमध, सगळ्यात लहान. पक्ष्यावर अर्धे बटन दाबून फोकस घ्या, मग कॅमेरा न हलवता झूम वाढवा. पक्षी चौकटीतून सुटला तर पी९५० च्या लेन्सच्या बाजूचे बटन दाबून धरा. झूम क्षणभर मागे येतो. पक्षी पुन्हा मधोमध घ्या आणि बटन सोडा, झूम आधीच्या जागी परततो. फोकस पानांवर अडकत असेल तर त्याच अंतरावरच्या फांदीच्या कडेवर एकदा फोकस घेऊन पुन्हा पक्ष्यावर या.

दुसरी तक्रार मे महिन्यातली : "दुपारी फोटो मऊ येतात, लेन्स खराब आहे." लेन्स ठीक असते. ४५ अंशांत तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा थरथरते आणि शे-दीडशे मीटरपलीकडचे सगळे पाण्यात बुडवल्यासारखे हलते. यावर महागड्या कॅमेऱ्यातही इलाज नाही. सकाळी आठच्या आत काढा किंवा जवळ जा. आणि पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर आधी तो काढून बघा. २००० मिमीवर असा फिल्टर एकटाच फोटो बिघडवायला पुरतो. आम्ही फिल्टर विकतो, तरी लांब झूमवर लावू नका असेच सांगतो.

कोजागिरीचा चंद्र हवा असणाऱ्यांसाठी : ६४० मिमीवर चंद्र चौकटीच्या उंचीचा पाव भाग व्यापतो, २००० वर सुमारे सत्तर टक्के, ३००० वर वरखाली कडा कापल्या जाऊ लागतात. तिपाई, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, मॅन्युअल मोडमध्ये एफ ६.५, १/२५० सेकंद, आयएसओ १००. ऑटोवर काढाल तर पांढरी पुरी येईल.

हळद, स्नेहसंमेलन, मारबत

घरातल्या प्रकाशात लहान सेन्सरचा ब्रिज घेऊ नये, यात दुमत नाही. पण मिररलेस घेणाऱ्यांचीही इथे निराशा होते आणि तिचे कारण किट लेन्स. १८-४५ मिमीची किट लेन्स लांब टोकाला एफ ६.३ असते. ५० मिमी एफ १.८ ची छोटी लेन्स तिच्या बारापट प्रकाश आत घेते. कॅननची तर फक्त १६० ग्रॅमची आहे. हळदीचे, बारशाचे, आजीच्या चेहऱ्याचे फोटो हवे असतील तर बॉडी एक पायरी खालची घ्या, पण ही लेन्स त्याच दिवशी घ्या. सुरेश भट सभागृहात दहाव्या रांगेतून मुलीचा नाच टिपायचा असेल तर ५० मिमी कमी पडते, तिथे ८५ मिमी एफ १.८ बघा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतल्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत लेन्स बदलायचा विचारही नको. एकच १८-१५० मिमी लावून निघा. भर दुपारचे ऊन असते, ब्रिजही चालतो.

धूळ, कूलर आणि गाडी

मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे करा, दुसरी लेन्स आधीच मागचे झाकण सैल करून हाताशी ठेवा. धूळ गेली का हे पाहायला एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, डाग दिसले तर रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब धुळीपेक्षा चिवट असतात. ब्रिजची लेन्स उघडत नाही म्हणून ती सुरक्षित, हा भ्रम आहे. झूम करताना नळी पुढे-मागे होते आणि पंपासारखी बाहेरची हवा आत ओढते. आत गेलेली धूळ काढायला पूर्ण लेन्स खोलावी लागते, आणि ते काम स्वस्त नाही. जिप्सी पळत असताना झूम आत घेऊन ठेवा, एवढे पाळले तरी पुष्कळ.

नागपुरात बुरशी फक्त पावसाळ्यात लागते असेही नाही. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो त्याच खोलीतल्या कपाटात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत पडून असतो. कूलरची ओलसर हवा आणि अंधार, बुरशीला आणखी काय हवे? घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घ्या, काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते. उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नका. बॅटरी फुगते आणि मग खाचेतून निघत नाही.

जुना घेत असाल तर

ब्रिज : पूर्ण झूम तीनदा आत-बाहेर करा, अडखळण्याचा किंवा घरघरीचा आवाज ऐका. पूर्ण बाहेर काढून नळी हलक्या हाताने हलवा, अगदी थोडी ढिलाई चालते, टकटक नको. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा. पी९०० आणि पी९५० सारखेच दिसतात, पण पी९०० मध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळत नाही. नावातले शेवटचे दोन आकडे नीट वाचा.

मिररलेस : माउंटवरची (लेन्स जोडायच्या कड्यावरची) सोनेरी टोके घासलेली किंवा काळी नकोत. सीरियल नंबर बिल आणि खोक्याशी जुळवा. "इम्पोर्टेड पीस" स्वस्त पडतो, पण त्याला भारतातली कंपनी वॉरंटी लागू होत नाही.

पैशांचा हिशेब

मिररलेसमध्ये बॉडी ही सुरुवात आहे. कामाची टेली लेन्स बरेचदा बॉडीइतक्याच किमतीची पडते. त्यावर दुसरी बॅटरी (एका बॅटरीत ढोबळ मानाने तीनशे फोटो, सफारीला एक कमीच), फोर-के व्हिडिओसाठी व्ही३० वेगाचे कार्ड, डबा आणि जेल. हे सगळे एकत्र मांडून जो आकडा येईल तो ब्रिजच्या किमतीशेजारी ठेवा. भाव सारखे बदलतात म्हणून इथे छापत नाही, काउंटरवर त्या दिवशीचा लिहून देतो.

येताना स्वतःचे मेमरी कार्ड आणा. दोन्ही प्रकारचे कॅमेरे हातात देतो. दुकानाच्या आत एक आणि दाराबाहेर रस्त्यापलीकडच्या पाटीचा एक, असे दोन-दोन फोटो काढा आणि घरी संगणकावर मोठे करून पाहा. त्याच दिवशी घेतलेच पाहिजे असे नाही.