कीबोर्ड शॉर्टकट आणि सिस्टीम इन्स्टॉलेशन

माऊसला हात न लावता एका कळेने, किंवा एकत्र दाबलेल्या दोन-तीन कळांनी संगणकाला दिलेली थेट आज्ञा म्हणजे कीबोर्ड शॉर्टकट. रोजच्या लिहिण्या-वाचण्यात त्याने वेळ वाचतो; मशीनवर नव्याने विंडोज किंवा लिनक्स टाकताना मात्र पुष्कळदा तोच एकमेव मार्ग उरतो. टचपॅडचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) अजून बसलेला नसतो, काही पडद्यांवर माऊसचा बाणच नसतो आणि कळ दाबायला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. अशा वेळी शॉर्टकटची यादी पाठ असून भागत नाही. या क्षणी कळ कोण ऐकत आहे, हे कळायला हवे: फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला, सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम), बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा), इन्स्टॉलर (सिस्टीम बसवणारा) की चालू सिस्टीम?

कंट्रोल ही कळ टेलिप्रिंटरच्या, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवून छापणाऱ्या यंत्राच्या, काळातली. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतावलीत (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) पहिली ३२ स्थाने अक्षरांसाठी नव्हे, यंत्राला हुकूम देण्यासाठी राखून ठेवली होती. कंट्रोल धरून अक्षर दाबले की त्या अक्षराचा क्रमांक जातो. जी सातवे अक्षर, आणि सातवा संकेत घंटा वाजवण्याचा. एम तेरावे, आणि तेरावा संकेत एंटरचा, म्हणून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) कंट्रोल+एम आजही एंटरसारखे चालते. त्याच टर्मिनलवर कंट्रोल+सी चालू प्रोग्रॅम थांबवते, तर वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर कॉपी करते. कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात जिप्सी या मजकूर संपादनाच्या प्रोग्रॅमसाठी घडवली. झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा तिच्याशी जोडल्या गेल्या त्या ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे.

कंट्रोल+ऑल्ट+डिलीट हे आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांचे काम. १९८१ च्या आयबीएम पीसीवर काम करताना दर वेळी मशीन बंद-चालू करावे लागू नये, म्हणून त्यांनी हा जोड बसवला. आधी त्यात डिलीटऐवजी एस्केप होते. पण तिन्ही कळा डाव्या हाताखाली आल्याने चुकून दाबल्या जाण्याची भीती होती. डिलीटमुळे दोन्ही हात लागू लागले. पुढे विंडोज एनटी या विंडोजच्या आवृत्तीने हाच जोड लॉगिनसाठी घेतला. तो थेट सिस्टीमच्या गाभ्याकडे जातो, साध्या प्रोग्रॅमला मध्येच अडवता येत नाही; त्यामुळे पासवर्ड चोरणारा खोटा लॉगिन पडदा उघडा पडतो.

मशीन सुरू होताच पहिल्यांदा ऐकते ते फर्मवेअर. सेटिंगसाठी बहुधा एफ२ किंवा डिलीट, आणि पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केप. हे उत्पादकानुसार बदलते. पॉवरचे बटण दाबल्यापासूनच कळ टकटक दाबत राहावी. फास्ट बूट (मशीन झटपट सुरू करण्याची सोय) चालू असेल तर तेवढीही फट मिळत नाही. तेव्हा चालू विंडोजमध्येच शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करावे, म्हणजे दुरुस्तीचा मेनू उघडतो आणि बहुतेक मशीनवर तिथूनच पेनड्राइव्ह निवडता येतो.

विंडोजच्या डिस्कवरून बूट करताना कोणतीही कळ दाबा अशी सूचना येते. ती पहिल्या वेळीच पाळावी. फायली कॉपी होऊन मशीन रीस्टार्ट झाले की तीच सूचना पुन्हा दिसू शकते, आणि सवयीने कळ दाबली की इन्स्टॉलेशन पहिल्या पडद्यापासून सुरू होते. नवशिके इथे हमखास फसतात.

सेटअपमध्ये टॅबने पुढे जाता येते, स्पेसने चौकोनात खूण करता येते. ज्या बटणावर एखादे अक्षर अधोरेखित असते, ते ऑल्ट आणि त्या अक्षराने दाबले जाते. पण इथली सर्वांत मोलाची कळजोडी म्हणजे शिफ्ट+एफ१०. तिने कमांडची काळी खिडकी उघडते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही धरावी लागते. या खिडकीत नोटपॅड लिहून एंटर दाबले, त्याचा फाइल उघडण्याचा चौकोन आणला आणि फायलींचा प्रकार 'सर्व' केला, की डिस्कवरच्या फायली दिसतात आणि पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. सिस्टीम उघडतच नसताना फॉरमॅट मारण्याआधी फोटो-कागदपत्रे वाचवण्याची ही शेवटची संधी असते, ती घ्यावीच. डिस्कचे भाग पाडणारा डिस्कपार्ट हा प्रोग्रॅमही याच खिडकीतून चालतो. त्याची क्लीन ही आज्ञा 'नक्की का?' असे विचारत नाही. निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन (भाग) एका क्षणात उडवते. त्याआधी डिस्कची यादी मागवून आकारावरून नीट ओळख पटवावी. इथे घाई करू नये.

एकसारखी अनेक मशीन तयार करायची असतील तर पहिल्या स्वागत-पडद्यावर कंट्रोल+शिफ्ट+एफ३ दाबतात. खाते न बनवता विंडोज ऑडिट मोडमध्ये, म्हणजे तयारीच्या अवस्थेत, उघडते. ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम बसवून, सिसप्रेप (प्रत काढण्यासाठी विंडोज तयार करणारा प्रोग्रॅम) चालवून त्याची प्रत इतर मशीनवर उतरवता येते. त्याहून वेगवान मार्ग म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल. तिचे नाव विंडोजमध्ये अनअटेंड, लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात किकस्टार्ट, तर डेबियन या लिनक्समध्ये प्रीसीड. मग कळा दाबण्याचे कामच जवळजवळ उरत नाही.

लिनक्समध्ये ग्रब या बूटलोडरच्या मेनूवर ई दाबून बूटची ओळ बदलता येते आणि कंट्रोल+एक्सने पुढे जाता येते. ग्राफिक्स कार्डामुळे पडदा काळा राहिला तर इथेच नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जोडतात. इन्स्टॉलर अडकल्यासारखा वाटला तर कंट्रोल+ऑल्ट+एफ२ने दुसऱ्या कन्सोलवर (आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर) जाऊन तपास करता येतो.

ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी तर कीबोर्ड हीच संगणकाची वाट. डेबियनचा बूट मेनू तयार झाला की बीप वाजतो. तेव्हा एस दाबून एंटर केले की इन्स्टॉलर बोलू लागतो, आणि भाषा निवडण्यापासून डिस्क विभागण्यापर्यंतचे सगळे प्रश्न आवाजात ऐकून, पडद्याकडे न पाहता, कीबोर्डवरून पुरे करता येतात.