रात्रपाळीचं पाणी आणि बिबट्या

कराड, वाळवा, शिराळा पट्ट्यात ज्याच्या मोटरीला रात्रीची लाईट असते त्याला विचारा, दीड वाजता उसाच्या कडेनं जाताना नुसतं पाचट वाजलं तरी काय होतं ते. गेल्या थंडीत मी सरीत पाणी वळवायला वाकलो होतो आणि फडात काहीतरी सरकलं. आधी मानेवर काटा आला, मग छाती धडधडायला लागली, तोंड कोरडं पडलं, आणि 'बिबट्या असेल का' हा विचार त्या सगळ्याच्या नंतर आला.

हे असंच होतं. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, तो धोक्याची चाहूल लागली की विचार करणाऱ्या भागाची वाट बघत नाही, अंगात ॲड्रेनलिन सुटतं आणि आपण पळायच्या तयारीत असतो. घूस निघाली तर एक घाबरणं फुकट गेलं, पण बिबट्या निघाला आणि आपण विचारच करत बसलो तर संपलंच ना. ही भीती फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत स्वार्टक्रान्स गुहेत माणसाच्या चुलत घराण्यातल्या एका पोराची कवटी सापडली, पंधरा लाख वर्षांहून जुनी, तिला मागं दोन भोकं आहेत. सी. के. ब्रेन या शास्त्रज्ञानं १९७० साली दाखवलं की त्या भोकांमधलं अंतर बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी जुळतं. म्हणून रात्री घाबरणाऱ्याला कुणी भित्रा म्हणू नये.

पण बिबट्याच्या बाजूनं बघा. आफ्रिकेतल्याच क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांवर स्पीकर लावून प्राण्यांना एकदा सिंहाचा आवाज ऐकवला, एकदा माणसांचं साधं बोलणं. २०२३ मध्ये निकाल आला, माणसाच्या आवाजाला प्राणी पळून जायची शक्यता सिंहापेक्षा दुप्पट. आपल्याकडं जुनी माणसं मोठ्यानं बोलत, काठी आपटत शेतात जातात ते काय उगाच नाही. आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं, तेव्हा पाणी धरताना एकट्यानं जास्त वेळ वाकू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

आपण म्हणतो बिबट्या चांदोली-कोयनेचं जंगल सोडून आला. काही येतही असतील, पण पुष्कळ बिबटे इथलेच, उसातच जन्मलेले. वर्षभर उभा ऊस म्हणजे लपायला जागा, पाणी जवळ आणि गावात भटकी कुत्री भरपूर. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला, २०१३ मध्ये छापून आला, जंगल नसलेल्या शेतीच्या भागात १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले, आणि त्याच भागातल्या त्यांच्या नंतरच्या अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

मग पिंजरा लावा, लांब सोडा, ही मागणी होते. शेळी गेली की मलाही तसंच वाटतं. पण जुन्नरला २००१ ते २००३ मध्ये शंभरावर बिबटे पकडले, बरेचसे दुसरीकडं सोडले, तर आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे ते १७ वर गेले. सोडलेलं जनावर अनोळखी मुलखात बिथरतं, परत घराकडं निघतं, आणि इकडं रिकाम्या जागेत नवं तरणं जनावर शिरतं. त्यापेक्षा शेळ्यांचा गोठा वरूनसुद्धा जाळीनं बंद करा, कोंबड्यांची घाण ओढ्याला टाकू नका, आणि शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून भांडा, पिंजऱ्यासाठी भांडतो तेवढंच भांडा.

शेजारच्या फडात जानेवारीत तोडणी चालू असताना टोळीतल्या एका बाईचा कोयता अर्ध्यात थांबला. पाचटात दोन बछडे होते, मांजराच्या पिल्लाएवढे, डोळे नुकते उघडलेले. वनखात्याच्या लोकांनी संध्याकाळी त्याच जागेवर क्रेटमध्ये ठेवले, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब केलं. नऊनंतर आई आली, एकाला मानेला धरून नेलं, अर्ध्या तासानं दुसऱ्यासाठी परत आली. सकाळी मुकादमानं टोळी पलीकडच्या बाजूला लावली, तो कोपरा चार दिवस तसाच उभा ठेवला.