मिनिटाला अडीच हजार शब्द? आधी डोळ्याला विचारा

‘मिनिटाला २५०० शब्द, आकलन १०० टक्के, फक्त पंधरा दिवसांत!’ या छापाची स्पीड रीडिंगच्या, म्हणजे झटपट वाचन शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात परीक्षांचा सीझन आला की हमखास दिसते. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या बोळात खांबाला चिकटवलेली, नाहीतर इन्स्टावर रील, त्यात एक पोरगा जाडजूड पुस्तकाची पानं फराफरा उलटतोय आणि खाली फी. ज्याचे पैसे त्याचा निर्णय, मला फीशी देणंघेणं नाही. पण डोळ्याच्या नावावर हे विकायचं आणि डोळा वाचतो कसा हे एकदाही बघायचं नाही, याचा मात्र वैताग येतो, कारण ते प्रकरण खरंच भारी आहे आणि फुकटात बघता येतं.

घरात कुणालातरी पेपर वाचायला द्या, पेपर जरा खाली धरायला सांगा आणि समोर बसून नुसतं त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहा. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरळ सरकत जात असेल. छे! बुबुळं टक् टक् टक् करत छोट्या छोट्या उड्या मारताना दिसतात, ओळ संपली की एक लांब उडी डावीकडे, की परत टक् टक्. पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांनी १८७० च्या दशकात हे मांडलं तोवर हजारो वर्षं माणूस वाचत होता आणि आपण उड्या मारतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. पत्ता नसतो यालाही कारण आहे, उडी चालू असताना मेंदू दृष्टीचं काम जवळजवळ दाबून टाकतो. आरशासमोर उभं राहून एकदा डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, परत डाव्या, स्वतःचा डोळा हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाही, शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसेल. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात कधी कधी हलताना दिसतो, पण ते स्क्रीन किंचित उशिरा दाखवते म्हणून.

पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई या माणसाने तर डोळा औषधाने बधिर करून बुबुळावर प्लास्टरची छोटी वाटी बसवली, तिला ॲल्युमिनियमची बारीक काडी जोडली आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर डोळ्याच्या उड्या ओरखड्यांनी उमटवून घेतल्या. त्याचं वाचनावरचं पुस्तक १९०८ चं आहे. आता हेच काम इन्फ्रारेड कॅमेरे करतात, कुणाच्या डोळ्यात काही घालावं लागत नाही.

तर आकडे असे. वाचताना नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, म्हणजे २०० ते २५० मिलिसेकंद. मग उडी, ती २० ते ३५ मिलिसेकंदांची, इंग्रजीत एका उडीत सात ते नऊ अक्षरं पार होतात. म्हणजे वाचनाच्या वेळातला जेमतेम दहावा भाग डोळा हलवण्यात जातो, बाकी सगळा थांबण्यात. ‘डोळे वेगाने फिरवायचा व्यायाम’ शिकवणाऱ्या क्लासचं गणित इथेच फसतं. एसटी स्टँडवरून कितीही सुसाट सुटली तरी दर थांब्यावर माणसं चढा-उतरायला लागतो तो वेळ लागतोच ना!

बरं, मग थांबे कमी करू, एका थांब्यात पूर्ण ओळ पिऊन टाकू, असं ते म्हणतात. ‘नजरेचा आवाका वाढवा.’ आता हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, त्यामुळे जरा रेंगाळणार आहे.

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण त्या नखाएवढ्याच जागेत तुम्हाला खरं बारीक दिसतं, बाकी सगळं दृश्य धूसर असतं आणि मेंदू आपल्याला तसं जाणवू देत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावर एक चिमुकला खळगा आहे, त्याला फोव्हिया म्हणतात. शाळेत शिकलेल्या शंकुपेशी तिथे खच्चून भरलेल्या, अगदी मध्यावर एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाखांच्या घरात, आणि तिथून जरा बाजूला सरकलं की ही गर्दी धाडकन उतरते. विश्वास नसेल तर या वाक्यातल्या ‘कांदा’ या शब्दावर नजर रोखा आणि ती जराही न हलवता दोन ओळी खालचा शब्द सांगा. काहीतरी काळं काळं आहे एवढंच कळतं.

यात आणखी एक भानगड आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. कडेच्या नजरेला अक्षर मोठं करून दाखवलं तर ते एकटं असताना ओळखता येतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी अक्षरं ठेवली की सगळ्यांचा लगदा होतो. याला क्राउडिंग म्हणतात. हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये दाखवलं की हा लगदा टाळायचा तर शेजारचं अक्षर किती लांब हवं हे मुख्यतः अक्षराच्या आकारावर ठरत नाही, तुम्ही नजरेच्या मध्यापासून किती दूर आहात त्यावर ठरतं, मोटामोटी त्या अंतराच्या निम्मं. म्हणजे मध्यापासून चार अंश बाजूला बघायचं तर अक्षरांमध्ये दोनेक अंशांची फट हवी, आणि छापील मजकुरात अक्षरं त्याच्या कितीतरी जवळ बसलेली असतात, त्यामुळे चष्म्याचा नंबर परफेक्ट असून उपयोग नाही, अडचण भिंगात नसून पुढे मेंदूत जिथे आकार एकत्र जुळवले जातात तिथे आहे. देवनागरीत तर वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, पोटात अर्धी अक्षरं, ‘कर’, ‘कार’, ‘कोर’ यांच्यात फरक काय तर एखादा काना किंवा मात्रा. कडेच्या नजरेने हे वेगळं काढणं इंग्रजीपेक्षा सोपं असेल असं मला अजिबात वाटत नाही.

आवाका नेमका किती हे १९७५ मध्ये जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी फार सुंदर पद्धतीने मोजलं. कॉम्प्युटरला वाचणाऱ्याची नजर कुठे आहे ते सतत कळत होतं. नजर असेल तेवढ्याच खिडकीत खरा मजकूर, बाहेर सगळीकडे फुल्याच फुल्या. नजर हलली की खिडकीही तिच्याबरोबर हलायची. खिडकी पुरेशी मोठी असली की वाचणाऱ्याला वाटायचं पानभर नीट मजकूर आहे, फुल्या आहेत याचा थांगपत्ता नाही! खिडकी लहान करत गेले की एका क्षणी वेग पडायला लागायचा, तो झाला तुमचा आवाका. अशा प्रयोगांतून इंग्रजीसाठी आकडा निघाला तो डावीकडे तीन-चार अक्षरं, उजवीकडे चौदा-पंधरा. त्यातही शब्द नक्की ओळखता येतो तो सात-आठ अक्षरांपर्यंत, पुढच्या भागात फक्त फट कुठे आहे, शब्द लांब की आखूड, एवढा वास लागतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तर त्यांचा आवाका डावीकडे झुकलेला निघाला. म्हणजे हा नुसता डोळ्याचा मामला नाही, लक्ष पुढच्या शब्दाकडे आधीच सरकलेलं असतं.

आता भागाकार करा. एका थांब्यात फार तर एक-दोन शब्द, सेकंदाला चार थांबे. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र केले तेव्हा इंग्रजीत मनातल्या मनात माहितीपर मजकूर वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला, कथा-कादंबरी २६०. सेकंदाला चार शब्द, बरोबर जुळतं. (मराठीला हा आकडा तसाच लावू नका, आपल्याकडे ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो.) जाहिरातवाल्याचे २५०० म्हणजे एका शब्दाला २४ मिलिसेकंद, इतका वेळ तर नुसत्या उडीला लागतो.

आणि याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. लहान मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वाचायला लावतात आणि आईबाप कौतुकाने व्हिडिओ काढतात. फोव्हियावर प्रकाशच पडला नाही तर वाचणार काय, कपाळ? मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली बघत असतं. मजकूर थेट डोळ्यासमोर, नाकाच्या रेषेच्या वर धरा, किंवा फट नीट बुजवा, लगेच ‘आज मुलाचा मूड नाही’ सुरू होतं. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक हे वर्षानुवर्षं जाहीरपणे दाखवत आलेत, आपल्याकडे अंनिसवालेही. वाईट याचं वाटतं की यात सात-आठ वर्षांच्या पोराला खोटं बोलायची सवय लावतो आपण.

स्पीड रीडिंगचा धंदा मोठा केला अमेरिकेतल्या एव्हलिन वुड या शिक्षिकेने, १९५९ पासून. बोट पानावरून खाली सरकवायचं आणि नजर मागोमाग. अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाऊसमध्ये हा कोर्स केला होता. नंतर १९८० च्या दशकात मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी असे शिकलेले लोक, साधे वाचणारे आणि नुसतं वरवर चाळणारे अशी तुलना केली. सोपा मजकूर असेल तर ढोबळ आशय सांगण्यात शिकलेल्यांचं बरं चालत होतं, तपशील विचारला किंवा मजकूर अवघड दिला की त्यांची गत चाळणाऱ्यांसारखीच. थोडक्यात काय तर फी भरून चाळायला शिकले. २०१४ मध्ये स्प्रिट्झ नावाचं तंत्र आलं, एकाच जागी एकेक शब्द चमकवायचं, म्हणजे उड्याच नकोत. त्यात दोन गोष्टी गेल्या, पुढच्या शब्दाची चाहूल आणि मागे वळून बघायची सोय. आपल्या दहातल्या एक-दीड उड्या मागे असतात, त्यांना क्लासवाले ‘वाईट सवय’ म्हणतात. पण एलिझाबेथ शॉटर, रेनर वगैरेंनी त्याच वर्षी मागे जाणं अडवून बघितलं तर आकलन घसरलं. मनातल्या मनात उच्चार करण्याचंही तेच, तो बंद पाडायचा म्हणून तोंडाने ‘एक-दोन-तीन’ घोकत वाचा, शब्दांची अदलाबदल झालेली वाक्यं नजरेतून सुटायला लागतात.

मराठीत तर हा आवाज हवाच. आपलं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. समजा असं वाक्य आलं: ‘सर्व निवृत्त कर्मचाऱ्यांना वाढीव महागाई भत्ता थकबाकीसह जुलैपासून रोखीने देण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन नाही.’ चाळणाऱ्याने निवृत्त, वाढीव, थकबाकी, जुलै, रोखीने एवढं टिपलं आणि ग्रुपवर फॉरवर्डसुद्धा केलं! इतके सगळे शब्द कानात धरून शेवटच्या ‘नाही’पर्यंत पोचायचं तर आतला आवाज लागतो, निदान माझा तरी असा अंदाज आहे.

मग वेगाने वाचणारे नसतातच का? असतात की. ओळखीचा आणि अपेक्षित शब्द असला की थांबा छोटा होतो, कधी शब्द चक्क ओलांडला जातो, हे मोजलेलं आहे. म्हणून वीस वर्षं क्रिकेट बघणारा मॅचचा रिपोर्ट मिनिटभरात उरकतो आणि त्याच माणसाला म्युच्युअल फंडाच्या अटी दिल्या की तो तिसऱ्या ओळीत अडकतो. त्याचा वेग डोळ्यात नाही, माहितीत आहे, आणि तो पंधरा दिवसांत येत नाही.

दुसरा खरा मार्ग म्हणजे काय वाचायचं नाही हे कळणं, आणि ते कागदागणिक बदलतं. शासन निर्णयाचंच बघा. जीआर हातात आला की लोक पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि ‘वाचा’ खाली दिलेल्या जुन्या निर्णयांच्या यादीतच दमतात. विषय आणि तारीख बघा, ‘प्रस्तावना’ सोडा आणि थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्यावर या. तिथून ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ येईपर्यंत मात्र शब्द न् शब्द, हळू, लागलं तर बोट ठेवून. त्यात ‘अधिक्रमित’ दिसलं तरच वर ‘वाचा’कडे परत जायचं, कारण मग जुना कुठला रद्द झाला ते बघावं लागतं. कोर्टाचा निकाल असेल तर शेवटचा ‘आदेश’ आधी, मग कारणं. शोधनिबंध असेल तर गोषवारा, मग आलेख, मग किती लोकांवर प्रयोग केला ते, आणि तिथे बारा माणसं दिसली तर बातमीतला मथळा विसरून जा. राज्यसेवा पूर्वच्या दुसऱ्या पेपरला दोन तासांत ८० प्रश्न असतात, तिथे उताऱ्याखालचे प्रश्न आधी वाचलेले बरे, निदान नजर काय शोधतेय हे तिला माहीत असतं. पण प्रश्न ‘लेखकाचा दृष्टिकोन कोणता’ असा असला की ही युक्ती संपली, उतारा सलग वाचावाच लागतो.

कविता आणि विम्याची पॉलिसी या दोन्ही मी सारख्याच सावकाश वाचतो, दोन्हींत एकेका शब्दाला किंमत असते. आणि प्रूफं तपासायची असतील तर वेग हा चक्क शत्रू. जो अंदाज एरवी आपल्याला पळवतो तोच इथे ‘महारष्ट्र’ला ‘महाराष्ट्र’ म्हणून पास करतो. म्हणूनच छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, काना-मात्रा-स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल ठेवून ऐकायचं अशी पद्धत होती.